सुट्या भागांची निवड : रायफलीपासून विमानापर्यंत

संरक्षणावरील खर्चाची चर्चा होते तेव्हा लक्ष वेधून घेते ती भांडवली खरेदी. किती विमाने घेतली, किती रायफलींचा करार झाला, तो किती कोटींचा होता, हे सारे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते. घेतलेली वस्तू पुढे वीस-तीस वर्षे चालती ठेवण्यासाठी लागणारे सुटे भाग मात्र महसुली खर्चातील भांडारविषयक शीर्षाखाली नोंदले जातात आणि बहुधा तेथेच विस्मरणात जातात. वस्तुतः शस्त्र दलाच्या दप्तरी असणे आणि ते जवानाच्या हातात चालते असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीस साठा म्हणावे, दुसरीस सज्जता. या दोहोंत अंतर पडते ते पुष्कळदा एखाद्या लहानशा, स्वस्त भागामुळे. कोणते भाग जवळ ठेवावेत, किती ठेवावेत आणि कोठे ठेवावेत हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही. मर्यादित साधनांच्या वाटपाचा, म्हणजेच अर्थशास्त्राचा तो प्रश्न होय.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी बेंगळुरूइतके सोयीचे शहर भारतात क्वचितच सापडेल. विमाने बनवणारी व त्यांची संपूर्ण दुरुस्ती करणारी हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड म्हणजेच एचएएल येथे आहे, सैन्याचे ५१५ आर्मी बेस वर्कशॉप येथे आहे, पीण्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखाने येथे आहेत आणि स्प्रिंगांच्या धंद्यातून रायफलींच्या धंद्यात उतरलेला एक खासगी उद्योगही येथेच आहे. विमानाचा हिशेब गुंतागुंतीचा असतो. तोच हिशेब रायफलीच्या बाबतीत उघड्यावर मांडता येतो. म्हणून प्रारंभ रायफलीपासून करणे सोयीचे ठरेल.

एका गोळीमागची साखळी

भारतात ‘एसएलआर’ या नावाने परिचित असलेली ७.६२ मिलिमीटरची रायफल हे अर्धस्वयंचलित शस्त्राचे ठळक उदाहरण. बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या ‘एफएएल’ रायफलीवर बेतलेले हे शस्त्र १९६० च्या दशकात पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होऊ लागले. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने आखलेल्या ५.५६ मिलिमीटरच्या ‘इन्सास’ रायफलीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची जागा घेण्यास सुरुवात केली, तोपर्यंत भारतीय पायदळाचे ते मुख्य शस्त्र होते. अनेक राज्यांच्या पोलीस दलांत ते त्यानंतरही दीर्घकाळ वापरात राहिले.

अर्धस्वयंचलित याचा अर्थ असा की, चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते; परंतु पुढची गोळी भरण्याचे काम जवानास हाताने करावे लागत नाही. गोळी नळीतून पुढे जात असता तिच्यामागील वायूचा थोडा अंश नळीवरील एका लहान छिद्रातून वळवला जातो. तो एका पिस्टनला मागे ढकलतो आणि पिस्टन बोल्टला मागे नेतो. बोल्टवरील एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे नखासारखा आकडा, रिकामी पुंगळी ओढून काढतो आणि ती बाहेर फेकली जाते. एवढ्यात मागची स्प्रिंग दबलेली असते. ती बोल्टला पुन्हा पुढे लोटते आणि जाता जाता बोल्ट मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत सरकवतो. हे सर्व डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. साखळीतील एक कडी तुटली की अर्धस्वयंचलित रायफल फार तर हाताने भरावयाची बंदूक उरते, आणि फायरिंग पिन मोडली तर तेवढीही उरत नाही.

या साखळीतील भाग सारख्या कारणांनी निकामी होत नाहीत, हे सुटे भाग निवडताना प्रथम लक्षात घ्यावे लागते. स्प्रिंगा थकतात, हजारो वेळा दबून त्यांचा जोर कमी होतो आणि कित्येकदा त्या न तुटताही निरुपयोगी होतात. एक्स्ट्रॅक्टरची धार झिजते किंवा तिचा टवका उडतो. फायरिंग पिनचे टोक बोथट होते. लहान खिळी आणि पिना झिजण्यापेक्षा हरवतातच अधिक, तेही लढाईत नव्हे तर साफसफाईच्या वेळी, गवतात किंवा फरशीच्या फटीत. मॅगझिन आपटते, त्याचे ओठ वाकतात. दस्ता पावसात फुगतो, उन्हात तडकतो. याउलट बोल्ट आणि नळी हे भाग फार काळ टिकतात; पण ते बदलावयाचे झाल्यास नुसते बसवून भागत नाही. काडतूस नळीत बसल्यावर मागे किती जागा उरते हे मापाने तपासावे लागते. एसएलआरमध्ये तर बोल्टला आधार देणारा एक छोटा पोलादी तुकडा वेगवेगळ्या मापांत येतो आणि प्रत्येक रायफलीस कोणत्या मापाचा तुकडा लागेल हे आर्मरर गेज लावून ठरवतो. असा भाग तालुक्याच्या पोलीस ठाण्यात ठेवून काय उपयोग? तो बसवण्याचे कौशल्य आणि उपकरण जेथे असेल तेथेच त्याचा साठा असावा लागतो.

सुटा भाग ही संकल्पनाच मुळात बंदुकीच्या व्यवसायात रुजली, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. अठराव्या शतकात टिपू सुलतानाच्या राज्यात ‘तारामंडल’ या नावाने ओळखली जाणारी कारखान्यांची केंद्रे होती आणि बेंगळुरूतील तारामंडलपेठेने ते नाव जपले आहे. त्या काळच्या जगभरातील बंदुकांचे कुलूप आणि चाप कारागीर कानशीने घासून त्या-त्या बंदुकीला बसवीत असे. एका बंदुकीचा भाग दुसरीस लागेलच याची शाश्वती नसे, त्यामुळे सुट्या भागांचा साठा ही कल्पना संभवतच नव्हती. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लांक या कारागिराने अदलाबदल करता येतील असे बंदुकीचे भाग तयार केले. थॉमस जेफरसन यांनी ते १७८५ मध्ये पाहिले आणि त्याविषयी मायदेशी कळवले. पुढे अमेरिकेतील सरकारी शस्त्रागारांनी ही पद्धत सिद्धीस नेली. मापात सारखेपणा आल्यावरच कोणता भाग जवळ ठेवावा हा प्रश्न निर्माण झाला.

किंमत आणि महत्त्व

साठ्याचे वर्गीकरण करण्याची सर्वांत रूढ पद्धत ‘एबीसी’ विश्लेषण या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ती मांडली. तिचे मूळ इटालियन अर्थतज्ज्ञ पारेटो यांच्या विषम वाटपाच्या निरीक्षणात आहे. साधारणपणे थोड्याच वस्तूंवर खर्चाचा मोठा हिस्सा होतो. त्या ‘ए’ गटात येतात आणि त्यांच्यावर कडक नियंत्रण ठेवले जाते. पुष्कळ वस्तू मिळून खर्चाचा अल्प हिस्सा असतो. त्या ‘सी’ गटात. कापड गिरणी असो वा औषधांचे दुकान, ही पद्धत व्यवहारात उपयुक्त आहे.

रायफलीच्या बाबतीत मात्र ती एकटी वापरल्यास दिशाभूल करते. नळी महाग, म्हणून ती ‘ए’ गटात. एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग काही रुपयांची, म्हणून ती ‘सी’ गटात, आणि ‘सी’ गटाकडे भांडारपाल वर्षातून एकदाच पाहणार. पण रायफल बंद पाडण्याच्या बाबतीत त्या स्प्रिंगचे सामर्थ्य नळीपेक्षा तसूभरही कमी नसते. म्हणून दुसरे वर्गीकरण जोडावे लागते. त्यास ‘व्हीईडी’ म्हणतात : ज्याविना यंत्र थांबतेच तो प्राणभूत भाग, ज्याविना ते लंगडत चालते तो आवश्यक भाग आणि ज्याविना निभावते तो इष्ट भाग. फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर व त्याची स्प्रिंग, बोल्ट मागेपुढे नेणारी स्प्रिंग, पिस्टन आणि मॅगझिन हे प्राणभूत. दृष्टिवेध नीट जमवणारे स्क्रू आवश्यक. खांद्याचा पट्टा अडकवण्याची कडी इष्ट. अर्थात डोंगर चढणाऱ्या जवानास हे वर्गीकरण पटेलच असे नाही.

दोन्ही वर्गीकरणे आडवी-उभी मांडली असता एक कोपरा विशेष ध्यानात येतो : किमतीने ‘सी’, महत्त्वाने प्राणभूत. खर्च वाचवण्याची इच्छा असलेल्या प्रशासकाने येथे काटकसर करू नये, कारण येथे वाचणारी रक्कम नगण्य असते आणि होणारी हानी संपूर्ण. १९९९ च्या कारगिल संघर्षात अतिथंड हवेत ‘इन्सास’ची प्लॅस्टिकची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या होत्या. रायफलीच्या एकूण किमतीत मॅगझिनचा वाटा तो किती. परंतु तडकलेल्या मॅगझिनमधून काडतूस वर येत नाही आणि शिखरावरच्या त्या जवानापुरती संपूर्ण रायफलीची किंमत त्या क्षणी शून्य होते.

किती ठेवावेत

प्राणभूत भाग निश्चित झाले तरी संख्येचा प्रश्न उरतोच. गेल्या वर्षी दोन लागले, म्हणून यंदा दोन मागवावेत, ही पद्धत कार्यालयांत सर्वत्र आढळते आणि ती सदोष आहे. सरासरी मागणी दोन असणे याचा अर्थ दरवर्षी दोनच लागतील असा होत नाही. क्वचित घडणाऱ्या, परस्परांशी संबंध नसलेल्या बिघाडांची संख्या पॉयसाँ वितरणाने वर्तवता येते. समजा, एका तुकडीत एखाद्या भागाची वार्षिक मागणी सरासरी २ नग आहे आणि वर्षातून एकदाच पुरवठा होतो. २ नग ठेवल्यास वर्ष निभावण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के असते. ३ ठेवल्यास ती ८६ टक्क्यांवर जाते, ४ ठेवल्यास ९५ टक्क्यांच्या किंचित खाली, ५ ठेवल्यास ९८ टक्क्यांवर आणि ६ ठेवल्यास ९९.५ टक्क्यांवर. तिसऱ्या नगाने १८ टक्क्यांची भर घातली, चौथ्याने ९ टक्क्यांची, पाचव्याने साडेतीन टक्क्यांची, सहाव्याने जेमतेम एका टक्क्याची. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम लगेच ओळखू येईल.

मग थांबावे कोठे? जादा पडलेल्या नगाचा खर्च आणि कमी पडलेल्या नगाची हानी यांच्या तुलनेत त्याचे उत्तर आहे. हानीला हानी आणि खर्च यांच्या बेरजेने भागले असता जे गुणोत्तर येते, तितकी खात्री देणारा साठा योग्य समजावा. जादा नग वर्षभर पडून राहण्याचा खर्च १०० रुपये आणि कमी पडल्याची हानी ९०० रुपये मानली तर ९० टक्के खात्री पुरते, म्हणजे वरील उदाहरणात ४ नग. हानी ९,९०० रुपये मानली तर ९९ टक्के खात्री हवी, म्हणजे ६ नग. हानी अकरा पट धरली तरी साठा दोनच नगांनी वाढला, ही बाब महत्त्वाची आहे. जवानाच्या जिवाची किंमत रुपयांत कशी मांडणार, असा आक्षेप येथे घेतला जातो व तो रास्तही आहे. परंतु स्वस्त प्राणभूत भागांच्या बाबतीत ती अचूक मांडण्याची गरजच पडत नाही. कोणताही विवेकी आकडा घेतला तरी उत्तर एक-दोन नगांच्या फरकाने तेच येते.

प्रत्येक भागाबाबत ९५ टक्के खात्री ठेवली की काम झाले, असा समज मात्र करून घेऊ नये. रायफलीत २० प्राणभूत भाग असतील आणि प्रत्येकाच्या साठ्याबद्दल ९५ टक्के खात्री असेल, तर वर्षभरात वीसपैकी एकही भाग कमी पडणार नाही याची शक्यता सुमारे ३६ टक्केच उरते. प्रत्येकाची खात्री ९९ टक्क्यांवर नेली तर ती सुमारे ८२ टक्के होते. एकेका भागाच्या तक्त्यात सर्व काही हिरवे दिसत असता शस्त्रे बंद का पडून राहतात, या कोड्याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

कोठे ठेवावेत

वरील उदाहरणातील तुकडीसारख्या दहा तुकड्या आहेत असे मानू. प्रत्येकीने ९८ टक्क्यांच्या खात्रीसाठी ५ नग ठेवले तर एकूण ५० नग लागतील. हेच नग एका मध्यवर्ती भांडारात ठेवले तर तितक्याच खात्रीसाठी सुमारे ३० पुरतात, कारण सर्व तुकड्यांत एकाच वर्षी सरासरीहून अधिक बिघाड होणे दुर्मीळ असते. विमा कंपनी ज्या तत्त्वावर चालते तेच हे तत्त्व होय. पण मध्यवर्ती भांडारातून भाग पोहोचण्यास लागणारा काळ बर्फाने बंद झालेल्या खिंडीत कित्येक महिन्यांचा असू शकतो. तेथे बचतीचा हा हिशेब कोलमडतो. स्वस्त आणि हाताने बसवता येणारे भाग पुढे, महाग आणि गेज लागणारे भाग मागे, अशी विभागणी त्यातून निघते. अमेरिकेतील रँड संस्थेत क्रेग शेरब्रुक यांनी अशा बहुस्तरीय साठ्याची गणिती पद्धत १९६८ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्या सुधारित आवृत्त्या विमानदलांच्या नियोजनात रुळल्या.

भारतीय सैन्यात ही स्तररचना तुकडीचा आर्मरर, क्षेत्रीय वर्कशॉप आणि बेस वर्कशॉप अशी आहे. तिची पुनर्रचना हा लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींचा एक भाग होता. समितीने डिसेंबर २०१६ मध्ये अहवाल दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने ज्या ६५ शिफारशी अमलात आणण्याचे जाहीर केले त्यांत दुरुस्तीच्या स्तरांची पुनर्रचना, आयुध भांडारांची फेरमांडणी आणि साठा नियंत्रणाच्या पद्धतीत सुधारणा यांचा समावेश होता. परीक्षेच्या दृष्टीने या समितीचा उल्लेख सहसा मनुष्यबळाच्या संदर्भात केला जातो. साठा नियंत्रणाचा हा पैलू दुर्लक्षित राहतो.

मग सर्वच भाग भरपूर का ठेवू नयेत, असे कोणी विचारेल. अडकलेला पैसा आणि गंज हे त्याचे एक उत्तर. शस्त्राच्या बाबतीत दुसरेही आहे. २०१८ मध्ये बिहारमधील मुंगेर परिसरात एके-४७ रायफली सापडल्या आणि त्यांचा माग जबलपूरच्या केंद्रीय आयुध भांडारापर्यंत पोहोचला. जुनी, मोडीत काढावयाची शस्त्रे व त्यांचे भाग बाहेर नेऊन ती पुन्हा चालती केली जात असल्याचे तपासात पुढे आले. सायकलीचा जादा सुटा भाग फार तर गंजतो. बंदुकीचा जादा सुटा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी बंदुकीत जाऊन बसू शकतो. त्याच्या प्रत्येक नगाबरोबर पहारा आणि हिशेब यांचाही खर्च येतो.

बेंगळुरूचा जुना अनुभव

रायफलीचा हा हिशेब विमानास लावला की बेंगळुरूचे महत्त्व ध्यानात येते. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. हेतू विमाने बनवण्याचा होता. १९४२ मध्ये भारत सरकारने कंपनी आपल्याकडे घेतली, १९४३ मध्ये ती अमेरिकी हवाई दलाच्या व्यवस्थापनाखाली गेली आणि महायुद्ध संपेपर्यंत तिचे प्रमुख काम दोस्त राष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती हेच राहिले. पुढे एचएएल झालेल्या या संस्थेचे बालपण असे निर्मितीपेक्षा दुरुस्तीत गेले.

त्या शिक्षणाचा उपयोग लवकरच झाला. युद्ध संपल्यावर कानपूर येथे बी-२४ लिबरेटर ही अवजड बॉम्बफेकी विमाने पुन्हा उडू नयेत अशा रीतीने मोडतोड करून टाकून देण्यात आली होती. एचएएलच्या तंत्रज्ञांनी त्यांतून सुमारे चाळीस विमाने उभी केली. एका सांगाड्याचा पंख, दुसऱ्याचे इंजिन, तिसऱ्याची चाके अशी जुळवाजुळव करून ती कशीबशी उडण्याजोगी झाल्यावर चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बेंगळुरूस आणली आणि तेथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाचे ५ क्रमांकाचे पथक याच विमानांवर उभे राहिले आणि ही विमाने १९६८ पर्यंत सेवेत होती.

एका यंत्राचा भाग काढून दुसऱ्यास लावण्याच्या या पद्धतीस ‘कॅनिबलायझेशन’ असा काहीसा भीषण शब्द रूढ आहे. कानपूरच्या भंगारात तिच्यावाचून गत्यंतर नव्हते. परंतु चालू दलात ती सवय बनली तर फार महाग पडते : एकाच बिघाडासाठी काम दोनदा करावे लागते, काढताना चांगला भाग मोडण्याचा धोका असतो आणि ज्या यंत्राचे भाग काढले ते हळूहळू पोकळ होत जाते. दप्तरी मात्र ते यंत्रच राहते. रायफलींच्या कोठारातही हेच घडते. दहापैकी दोन रायफली ‘भागांसाठी’ बाजूला पडतात आणि गणतीत दहाच मोजल्या जातात.

जग्वार विमानांच्या बाबतीत हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. ब्रिटन व फ्रान्स यांनी मिळून विकसित केलेले हे विमान एचएएलने बेंगळुरूत परवान्याखाली बनवले. मूळ उत्पादक देशांनी ते कधीच निवृत्त केले, उत्पादनाच्या साखळ्या बंद झाल्या आणि भारतास ती विमाने पुढे चालवावयाची होती. २०१८ मध्ये फ्रान्सकडून ३१ निवृत्त जग्वारांचे सांगाडे सुट्या भागांसाठी मिळवण्याची व्यवस्था झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. उत्पादन बंद होण्यापूर्वी शेवटची खरेदी किती करावी, हा साठाशास्त्रातील सर्वांत अवघड प्रश्न समजला जातो, कारण यात चूक सुधारण्याची दुसरी संधी मिळत नाही. एसएलआरसारखी रायफल सैन्याने बदलली, पण पोलिसांकडे राहिली, की तिच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न निर्माण होतो.

भाग बनवणार कोण

मे १९९८ मधील अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले तेव्हा नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरांना सुटे भाग मिळेनासे झाले आणि त्यांपैकी अनेक जमिनीवरच राहिली. विमान ब्रिटनमध्ये बनलेले असले तरी त्यातील भाग अमेरिकी होते. बेंगळुरूत विकसित होत असलेल्या हलक्या लढाऊ विमानाच्या उड्डाण नियंत्रण प्रणालीचे अमेरिकेत चाललेले कामही त्याच वेळी थांबले आणि भारतीय अभियंत्यांना परतावे लागले. ते काम येथे पूर्ण करून विमानाने ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण केले. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर १९९० च्या दशकात आलेली टंचाई तर निर्बंधांविनाच आली होती. कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले गेले होते, एवढेच.

या अनुभवातून स्वदेशीकरणाच्या धोरणास धार आली. मे २००१ मध्ये संरक्षण उत्पादन खासगी क्षेत्रास खुले झाले, २६ टक्के परकीय गुंतवणुकीस अनुमती मिळाली आणि २०२० मध्ये स्वयंचलित मार्गाने ती ७४ टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. ऑगस्ट २०२० मध्ये ‘सृजन’ हे संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर आयात होणारे भाग मांडले जातात आणि देशी उद्योगांना ते बनवण्यास पाचारण केले जाते. डिसेंबर २०२१ मध्ये सार्वजनिक संरक्षण उपक्रमांसाठी उपप्रणाली, जुळण्या आणि सुटे भाग यांची पहिली सकारात्मक स्वदेशीकरण सूची निघाली. तिच्यात २,८५१ वस्तू होत्या, त्यांपैकी २,५०० चे स्वदेशीकरण आधीच झालेले होते. विमाने व रणगाडे यांच्या सूचींपेक्षा ही सूची कमी गाजली, तथापि सज्जतेच्या दृष्टीने तिचे महत्त्व अधिक आहे.

सुटा भाग देशात बनवणे ऐकावयास सोपे वाटते, प्रत्यक्षात ते कष्टाचे असते. स्प्रिंगचेच पाहा. जुनी स्प्रिंग मापून तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि लांबी कळते. पण तिचे आयुष्य ठरते ते पोलादाच्या प्रतीवर, उष्णतेच्या प्रक्रियेवर आणि पृष्ठभागावर बारीक छर्‍यांचा मारा करून दिलेल्या कणखरपणावर. यांतील काहीही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. बनावट किंवा हलकी स्प्रिंग पहिल्या दिवशी अस्सलासारखीच चालते. म्हणून सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याची रीत सुट्या भागांच्या बाबतीत अनेकदा महाग ठरते. नगामागे चार रुपये वाचवणारा खरेदी अधिकारी पाच हजारांऐवजी एक हजार गोळ्यांनंतर थकणारी स्प्रिंग विकत घेत असू शकतो. आयुष्यभराच्या खर्चाचा आणि कामगिरीवर आधारित देखभाल करारांचा विचार २०२० च्या संरक्षण संपादन प्रक्रियेत आला, तो याच कारणाने.

दुसरी अडचण संख्येची आहे. साचे, चाचण्या आणि प्रमाणपत्र यांचा स्थिर खर्च पन्नास नगांवर वाटला तर एक नग सोन्याच्या भावाने पडतो. विमानाच्या भागासाठी बेंगळुरूच्याच सेमिलॅक या संस्थेचे उड्डाणयोग्यतेचे प्रमाणन लागते. लहान उद्योजकाचा धीर सुटतो तो येथे. स्टंप, शूले अँड सोमप्पा या बेंगळुरूच्या उद्योगसमूहाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. त्याचा मूळ व्यवसाय वाहने व यंत्रे यांना लागणाऱ्या स्प्रिंगा बनवण्याचा. त्यातून आलेल्या एसएसएस डिफेन्स या कंपनीने रायफली विकसित केल्या आणि लखनौच्या २०२० च्या संरक्षण प्रदर्शनात त्या मांडल्या. नागरी बाजारात लाखोंनी खपणाऱ्या मालामुळे धातुशास्त्राचे ज्ञान आणि यंत्रसामग्री यांचा खर्च आधीच निघालेला असतो. संरक्षणाची लहान मागणी त्यावर स्वार होऊ शकते. उत्पादनाच्या व्याप्तीमुळे मिळणारी ही बचत पुस्तकांत वाचलेली असते, येथे ती डोळ्यांनी पाहावयास मिळते.

देशी भाग उपलब्ध झाले तरी शस्त्रांचे प्रकार वाढले की हिशेब पुन्हा बिघडतो. सैन्याकडे ‘इन्सास’ आहेच. २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला. डिसेंबर २०२१ मध्ये अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे ६,०१,४२७ एके-२०३ रायफली बनवण्याचा करार झाला. यांतील एकाची फायरिंग पिन दुसऱ्यास लागत नाही, तिघींचे काडतूसही भिन्न आहे. एकत्र साठ्याने पन्नासाचे तीस करण्याची जी किमया वर पाहिली, ती प्रत्येक नव्या प्रकारागणिक उलटी फिरते. प्रत्येक रायफल आपल्या कामास योग्य असेलही, पण तिच्या खरेदीच्या किमतीत हा खर्च सहसा दाखवला जात नाही.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. ईशापूरचा रायफल कारखाना कानपूरला मुख्यालय असलेल्या अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कंपनीकडे आला. मंडळ हा सरकारी विभाग होता. तोट्यात पडणारा जुना भागही बनवून देणे त्यास जड जात नसे. कंपनीस ताळेबंद असतो. एखाद्या राज्याच्या पोलीस दलाने जुन्या एसएलआरसाठी दोनशे एक्स्ट्रॅक्टर मागितले, तर त्या मागणीस कोणत्या दराने आणि किती महिन्यांत उत्तर मिळेल हे आता कंपनीच्या खर्चाच्या हिशेबावर ठरेल. अशी मागणी प्रत्येक राज्याने स्वतंत्रपणे न करता सर्वांनी मिळून एकदाच नोंदवली तर साच्याचा खर्च विभागला जाईल. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्याच्या शस्त्रागारातील नोंदवहीत किती रायफली आहेत एवढेच असून भागणार नाही. कोणत्या रायफलीतून किती गोळ्या सुटल्या आणि तिचा कोणता भाग केव्हा बदलला, हेही लिहिलेले असावे लागेल.